पाच चौकटींचा स्पर्श

रविवारच्या पुरवणीतील शब्दकोडे आमच्या पंचवटीतील घरी दोघांत सुटते: पेन्सिल आमच्या हाती, उत्तरे बहुधा आईची. परवा आडव्या शब्दांत सूचना आली, 'मऊ'. चौकटी पाच, तिसऱ्या चौकटीत 'लु' आधीच आलेला. आम्ही 'लुसलुशीत' लिहून मोकळे झालो.

मराठी कोड्यात एका चौकटीत एक अक्षर बसते, मग ते काना-मात्रेसह असो वा जोडाक्षर. त्यामुळे स्पर्शवाचक विशेषणांचा एक गोतावळाच नेमका पाच चौकटींचा होतो: गुळगुळीत, खरखरीत, बुळबुळीत, तुळतुळीत, भुसभुशीत. या अभ्यस्त शब्दांत पहिले अक्षर तिसऱ्या जागी जसेच्या तसे येते, दुसरे ईकार घेऊन परतते. त्यातही 'स' असेल तर त्याचा 'श' होतो. व्याकरण ठाऊक असले की हात न लावताही उत्तर मिळते.

आई मात्र अडली. "मऊ म्हणजे कशासारखं?" भात मऊ, भुसभुशीत मातीही मऊच, लुसलुशीत म्हणावी ती पुरणपोळी. तुळतुळीत म्हणावे ते नुकतेच मुंडण केलेले डोके. गोदाघाटाची झिजलेली पायरी गुळगुळीत असते, तुळतुळीत नव्हे. पावसाळ्यात शेवाळ धरले की तीच पायरी बुळबुळीत होते आणि आपण पायाची बोटे रोवून उतरतो. शब्दकोशात शेजारी बसणारे हे शब्द हाताला एकमेकांचे पर्याय वाटत नाहीत.

आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये जे कोडे छापले, ते पहिले आधुनिक शब्दकोडे मानले जाते. त्यात गोमुती नावाच्या ताडाच्या तंतूला काय म्हणतात, असा एक प्रश्न होता. तो तंतू बोटांत धरलेले वाचक किती असतील? बहुतेकांनी उत्तर शोधले असेल ते पुस्तकातच. आमची गत निराळी नाही.

गेली दोन वर्षे मधुमेहाने आईच्या बोटांची टोके बधिर झाली आहेत. कणीक मळण्याचे काम आमच्याकडे आले आहे. ती शेजारी बसून विचारते, "कसं लागतंय?" आणि वर्गात विशेषणांवर तासभर बोलणारे आम्ही म्हणतो, "जरा मऊ." तिच्याकडे शब्द आहेत, स्पर्श उरलेला नाही, आमच्याकडे स्पर्श आहे, पण त्याचे नाव नाही. कोड्याच्या ज्या सूचनेला आई अपुरी म्हणाली, तीच आम्ही रोज तिला देत होतो.

पुढच्या रविवारी छापलेले उत्तर 'लुसलुशीत'च निघाले. त्या संध्याकाळी कणकेत पाणी जास्त झाले. आईने विचारले. आम्ही बोट दाबून पाहिले, थांबलो आणि म्हणालो, "लिबलिबीत."

"मग मूठभर पीठ घाला," ती म्हणाली.