डामाचा रकाना

रेकॉर्ड रूममधल्या काकांचं ऋण माझ्यावर आहे. ते फेडता येईल असं वाटत नाही, पण ते कशाचं आहे हे नीट लिहून ठेवायला हवं. त्यांचं नाव कुठल्याही शोधनिबंधाच्या माथ्यावर आलं नाही, आणि आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग त्यांनीच केला.

मी हिंगणघाटची. नागपूर विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून वर्धा जिल्ह्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयात संशोधन सहायक म्हणून लागले. आयसीयूत दाखल झालेल्या रुग्णांपैकी कोण वाचेल, कोण दगावेल याचा अंदाज बांधणाऱ्या पद्धतींची तुलना करायची, हे काम. एक होती अपाची-2. अमेरिकेतल्या 13 रुग्णालयांतल्या 5,815 रुग्णांच्या नोंदींवरून विल्यम नॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1985 साली मांडली. ताप, नाडी, रक्तदाब, सोडियम, क्रिएटिनिन, रक्तातला प्राणवायू अशी बारा मापं, शिवाय वय आणि जुने आजार. गुण 0 ते 71. दुसरं ग्लासगो कोमा स्केल, 1974 चं. माणूस डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय हलवतो कसा, एवढंच पाहायचं; गुण 3 ते 15. त्याला ना प्रयोगशाळा लागते ना वीज. म्हणूनच ही तुलना महत्त्वाची होती. समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकट्या असलेल्या डॉक्टरला धमनीतल्या रक्ताची तपासणी कुठून मिळणार? साध्या निरीक्षणानं जवळपास तेवढाच अंदाज येत असेल, तर कुणाला तातडीनं पुढे पाठवायचं हे तिथंच ठरवता येतं.

तुलनेचं गणित तसं सरळ आहे. मृत्यू झालेला एक रुग्ण घ्या, वाचलेला एक घ्या. जो गेला त्याचा धोका पद्धतीनं जास्त सांगितला होता का? अशा सगळ्या जोड्यांपैकी किती जोड्या तिनं बरोबर ओळखल्या, ते प्रमाण म्हणजे आरओसी वक्राखालचं क्षेत्रफळ. 0.5 आलं तर पद्धत छापा-काट्याइतकीच. 1 आलं तर एकही जोडी चुकली नाही. दोन्ही पद्धती त्याच रुग्णांवर लावल्या की दोन क्षेत्रफळं एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांच्यातला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासायची रीत डीलाँग आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दिली. आज संगणकावर ती दोन ओळींत होते.

काकांचा प्रश्न या सगळ्याच्या आधीचा होता. मी फाइली मागायला गेले की ते काढून द्यायचे, क्रमानं लावून द्यायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, "ताई, हे डामावाले तुमी जित्यात धरले का मेल्यात?"

डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेला रुग्ण. विदर्भातल्या कुठल्याही वॉर्डात नातेवाईक हा शब्द सहज वापरतात: डामा घेतला, डामा लिहून दिला. माझ्याकडे आलेल्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात दोनच पर्याय होते, मृत किंवा जिवंत, आणि डामावाले आपोआप जिवंतांत पडलेले होते. म्हणजे रात्री दोन वाजता जीपमध्ये घालून गावाकडे नेलेला माणूस, ज्याला आपल्या घरी, आपल्या माणसांत जाऊ द्यावं म्हणून घरच्यांनी काळजावर दगड ठेवून सही केली, तो कागदावर धडधाकट होता. अपाचीनं त्याचा धोका मोठा सांगितला असला, तर आमच्या हिशेबात ती अपाचीची चूक ठरत होती.

"जिता हाय म्हून कोनं सांगतलं तुमाले?" काका म्हणाले. आणि त्यांनी आपली वही काढली.

ती वही त्यांनी संशोधनासाठी ठेवलेली नव्हती. डामा घेतलेल्यांच्या घरचे महिन्या-दोन महिन्यांनी परत यायचे ते कागदांसाठी: विम्याला झेरॉक्स हवी, वारसाच्या प्रकरणाला दाखला हवा. तेव्हा काकांना कळायचं की माणूस गेला. कधी, कुठं, हे ते विचारायचे आणि फाइलीच्या क्रमांकासमोर लिहून ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. अर्धी राहिलेली फाइल त्यांना बघवत नसे.

वहीतून काही निकाल मिळाले. बाकीच्यांसाठी, रुग्णालयाची रीतसर परवानगी घेऊन, आम्ही गावोगाव फिरलो. गिरड, आंजी, अल्लीपूर, खरांगणा, केळझर. बहुतेक वेळा एसटीनं, सुटीच्या दिवशी, आणि काका त्याचा भत्ता मागत नसत. मी प्रश्नावली घेऊन निघालेली; त्यांनी ती पिशवीतच ठेवायला लावली. गावात शिरलं की आधी किराणा दुकानात किंवा पारावर बसायचं, घर कुठलं ते विचारायचं, आणि विचारता विचारता माणूस गेला असेल तर ते कळूनच यायचं. मग त्या घरी जाताना "ते कसे आहेत?" असं विचारायची वेळ यायची नाही. दारातल्या बाईला तो प्रश्न ऐकावा लागू नये, ही त्यांची काळजी. घरात गेल्यावर ते आधी पीकपाण्याचं बोलत. कापूस किती झाला, बोंडअळी आहे का. चहा येई. मग घरचेच सांगू लागत: घरी आणल्यावर किती वेळ होते, शेवटी पाणी मागितलं, कुणाला हाक मारली. मी त्यातलं एकच लिहून घेत असे, तारीख. बाकीचं सगळं काका ऐकत बसायचे, आणि उठायची घाई त्यांनी एकदाही केली नाही.

जिवंत असलेलेही भेटले. डॉक्टरांनी आशा सोडलेला एक म्हातारा बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. त्या दिवशी परतीच्या एसटीत काका सेलूपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होते.

निकाल भरून झाल्यावर गणित पुन्हा मांडलं. अपाचीचं क्षेत्रफळ वाढलं, ग्लासगोचंही वाढलं, पण कमी. घरी नेल्यावर जे दगावले त्यांतले अनेक वयानं मोठे, मूत्रपिंड आणि फुफ्फुसं थकलेले, पण शुद्धीवर असलेले होते. ग्लासगोला ते दिसत नव्हते. मात्र दुसरी गोष्टही उघड झाली. पद्धत चांगली म्हणायची तर तिनं धोक्याचा क्रम बरोबर लावणं पुरत नाही. ज्या शंभर जणांना तिनं तीस टक्के धोका सांगितला, त्यांतले तीसएक जण खरोखर जातात का, हेही पाहावं लागतं. हवामानाच्या अंदाजांसाठी ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्येच असा हिशेब मांडला होता. डामावाले जिवंत धरले होते तोवर अपाचीनं सांगितलेले मृत्यू आणि झालेले मृत्यू छान जुळत होते. खरे निकाल भरले आणि ते जुळणं मोडलं: आमच्याकडे तिच्या अंदाजापेक्षा जास्त माणसं जात होती. अमेरिकेतल्या रुग्णांवर बेतलेली पद्धत वर्ध्यात उचलून आणली की असं होऊ शकतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. ते दिसलं काकांच्या वहीमुळे.

ही माणसागणिक पडताळणी करण्याची वृत्ती या जिल्ह्याला नवी नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. एस. पी. कलंत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पापणी, जीभ, तळवा, नखं यांचा फिकटपणा पाहून रक्तक्षय किती ओळखता येतो, हे 390 रुग्णांवर तपासलं. 2010 मध्ये ते प्लॉस वनमध्ये आलं. पाहणाऱ्याला हिमोग्लोबिनचा आकडा माहीत नसायचा, आणि दोन डॉक्टरांचं एकाच रुग्णाबद्दल फारसं जुळत नाही हेही त्यांनी मोकळेपणानं छापलं. आमच्या सरांनी मला पहिल्यांदा वाचायला दिला तो हाच निबंध.

विषबाधेच्या रुग्णांचं काम नंतरचं. 2017 च्या फवारणीच्या हंगामात शेजारच्या यवतमाळात शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा आमच्या वॉर्डातली धास्ती मला आठवते. श्रीलंकेतल्या पेराडेनियाची मोजपट्टी आम्ही आमच्या विषबाधेच्या रुग्णांवर लावून पाहिली: बाहुली, श्वास, नाडी, स्नायूंची थरथर, शुद्ध, झटके, 11 पैकी गुण. त्याच देशातल्या 2005 च्या लॅन्सेटमधल्या अभ्यासानं दाखवलं होतं की क्लोरपायरिफॉसनं 8 टक्के रुग्ण दगावतात, डायमेथोएटनं 23. म्हणजे फवारणीचं औषध कोणतं, हे कळल्याशिवाय मोजपट्टीचा अंदाज अर्धवट. फाइलींत ते नाव क्वचितच असायचं. काका नातेवाइकांना विचारून, कधी डब्यावरचं लेबल मागवून, ते फाइलीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहीत.

काही निकाल कधीच लागले नाहीत. मजुरीसाठी आलेली कुटुंबं परत गेली, फोन बंद झाले. ती नावं गाळून टाकावीत, असं एका बैठकीत सुचलं. काकांनी मला बाहेर गाठून सांगितलं, "माहीत नाही तं माहीत नाही म्हून लिवा ताई. गाळू नका." तेव्हापासून माझ्या प्रत्येक तक्त्यात तिसरा पर्याय असतो, आणि तुलना मी दोनदा मांडते: एकदा ते सगळे वाचले असं धरून, एकदा सगळे गेले असं धरून. दोन्ही वेळा एकच पद्धत सरस ठरली, तरच ती सरस आहे असं लिहिते.