रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा अन्वयार्थ

भाडोत्री मारेकऱ्याची अखेरची सुपारी आणि नेमकी तिच्याच आड येणारी स्त्री, हे रहस्यपटांचे चांगलेच झिजलेले आशयसूत्र आहे. जॉन वू यांच्या 'द किलर' (१९८९) मध्ये ते उघड भावनेच्या बळावर उभे राहते. आपल्याच हातून दृष्टी गमावलेल्या गायिकेच्या शस्त्रक्रियेसाठी नायक शेवटचे काम पत्करतो. तेथे प्रेम हे ऋण आहे, आणि ते फेडण्याची भाषा मुक्तपणे बोलली जाते. ज्या चित्रपटाचे ऋण वू स्वतः मान्य करतात त्या जाँ-पिएर मेलव्हिल यांच्या 'ल सामुराई' (१९६७) मध्ये मात्र असे काहीच बोलले जात नाही.

झेफ कोस्तेलोला (आलँ दलाँ) निवृत्तीची स्वप्ने पडत नाहीत. करडी खोली, पिंजऱ्यातला पक्षी, आणि आरशासमोर टोपीची कड नीट करणे, एवढेच त्याचे अंतरंग म्हणून आपल्या हाती येते. क्लबमधील पियानोवादिका त्याला खुनाच्या जागी समोरासमोर पाहते आणि पोलिसांपुढे ओळख नाकारते. पुढे कोस्तेलोला सुपारी मिळते ती तिचीच. ती स्वतः सुपारी देणाऱ्याच्या वर्तुळातली. म्हणजे जवळीक दोन्ही बाजूंनी निषिद्धच.

रसचर्चेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे विभाव आहे, अनुभाव नाही. चेहरा हलत नाही, स्वर बदलत नाही. मग शृंगाराची प्रतीती कशाच्या आधारे यावी? अश्रू आणि गीत यांवर पोसलेल्या प्रेक्षकाला हे रुक्ष वाटले तर त्यात नवल नाही. काही समीक्षकांनी याला 'थंड शैली' म्हणून निकालात काढले, ते मात्र घाईचे होते. मेलव्हिल अनुभाव नाकारत नाहीत. तो देहावरून काढून वस्तूंवर ठेवतात.

शेवटचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. कोस्तेलो क्लबमध्ये येतो, टोपी ठेवायला देतो, आणि तिचा बिल्ला मात्र न उचलता पुढे जातो. परत येण्याचा प्रश्न तेथेच मिटतो. सर्वांसमक्ष पांढरे हातमोजे चढवतो. पियानोपाशी जाऊन तिच्यावर रिव्हॉल्व्हर रोखतो, आणि दबा धरून बसलेले पोलीस त्याला टिपतात. त्यानंतर अधिकारी रिव्हॉल्व्हर उघडून दाखवतो: आत एकही गोळी नाही. रहस्य उलगडते ते असे, मृत्यूनंतर. आणि प्रेक्षकाला मागे वळून तो निर्णय नेमका कधी झाला हे शोधावे लागते. चित्रपटात तो क्षण कोठेही दाखवलेला नाही.

गोळी लागण्यापूर्वी ती त्याला 'का' असे विचारते. त्याचे उत्तर एवढेच, की या कामाचे पैसे मिळाले आहेत. पैसे देणाऱ्याला त्याने थोड्याच वेळापूर्वी ठार केलेले असते.