दोन्ही वाटांची गाडी
बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने मांडवीपर्यंत

माणसांचे स्वभाव जसे निरनिराळे, तसेच वाहनांचेही असतात. काही गाड्या केवळ राजरस्त्याच्या; डांबर संपले की त्यांचा तोराही संपतो. काही केवळ रानवाटेच्या. शर्यतीच्या मैदानाबाहेर त्यांस कोणी विचारीत नाही. या दोहोंच्या मध्ये मोटारसायकलींचा एक तिसरा वर्ग आहे. त्याला डांबरही चालते आणि चिखलही. मात्र दोहोंपैकी कोठेही पहिला नंबर पटकाविण्याची त्याला हौस नाही. आमच्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांना या वर्गाची ओळख व्हावी, असे पुष्कळ दिवस मनात होते. परवा पावसाळा सरल्यावर बेळगावहून गोव्याकडे अशाच एका गाडीवरून जाण्याचा योग आला. त्या प्रवासाच्या निमित्ताने चार शब्द लिहीत आहे.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९६८ साली जपानच्या यामाहा कंपनीने अमेरिकेच्या बाजारात डीटी-१ नावाची २५० सी.सी.ची हलकी गाडी आणली. आठवडाभर कामावर जावे आणि रविवारी तीच गाडी डोंगरात न्यावी, हा तिचा गुण लोकांना फार भावला. १९८० साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या मोठ्या गाडीस ‘जी/एस’ ही अक्षरे जोडली. त्यांचा अर्थ रान आणि रस्ता असा होतो. पुढे परदेशात या गाड्या वाढत वाढत अडीचशे किलोंच्या घरात गेल्या. आपल्याकडे मात्र त्यांचे रूप बेताचेच राहिले. हिरो कंपनीची १५० सी.सी.ची इम्पल्स २०११ साली आली, पण फार काळ टिकली नाही. रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ साली आली, आणि २०१९ साली हिरोचीच एक्सपल्स २०० बाजारात उतरली. मी ज्या गाडीवरून गेलो, ती ही शेवटची.

तिची अंगकाठी सांगितली म्हणजे तिचा स्वभाव कळेल. एंजिन २०० सी.सी.चे, शक्ती सुमारे १८ अश्वशक्तींची. वजन १५७ किलोंच्या आसपास. म्हणजे चिखलात आडवी झाली तर एकट्या माणसाने उभी करावी इतपत. पुढचे चाक २१ इंचांचे व मागचे १८ इंचांचे. चाक जितके मोठे, तितका खड्डा त्याला लहान, हा साधा हिशेब आमच्या बैलगाडीच्या सुताराला पूर्वीपासून ठाऊक आहे. चाकांना तारेच्या आऱ्या आहेत. दगडावर आदळून रिंग वाकली, तरी ती ठोकून सरळ करणारा कारागीर तालुक्याच्या गावी मिळतो. ओतीव चाकाला तडा गेला, तर ते बदलण्यावाचून गत्यंतर नसते. गाडीचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, म्हणजे चांगले वीतभर. धुराचा नळकांडा बाजूने वर चढविलेला असल्यामुळे ओढ्यातून जाताना त्यात पाणी शिरण्याची धास्ती कमी. टाकीत १३ लिटर पेट्रोल मावते आणि लिटरमागे साधारणपणे ४० किलोमीटरांच्या आसपास चाल मिळते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बैठक उंच असल्यामुळे ठेंगण्या माणसाचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. टायरमध्ये ट्यूब असल्याने पंक्चर काढण्यास वेळ लागतो. महामार्गावर मोठ्या गाड्या भरधाव निघून जातात, तेव्हा १८ अश्वशक्तींचे एंजिन त्यांच्या मागे धावू शकत नाही. परंतु या शेवटच्या उणिवेतच या गाडीचे खरे सुख दडलेले आहे, असे मला त्या दिवशी वाटले. ते कसे, हे पुढे कळेल.

बेळगाव सोडून पिरनवाडी, किणये या वाटेने निघालो. भात कापून शेतात पसरलेले होते. सकाळच्या गारव्यात ओल्या पेंढ्याचा वास येत होता. मोटारीच्या काचेआड बसलेल्याला हा वास मिळत नाही आणि शंभराच्या वेगाने जाणाऱ्याला तो ओळखू येण्याआधीच मागे पडतो. पन्नासाच्या वेगाने जाणाऱ्याला मात्र कोठे भात झोडणे चालू आहे, कोठे काजूच्या बागेत पाला पेटविला आहे आणि कोणत्या वळणावर जंगलाची थंडी सुरू होते, हे सारे नाकाला व गालांना समजते. कुसमळीपाशी मलप्रभा ओलांडली. तेथून जांबोटी आणि जांबोटीनंतर दाट रान.

ज्या वेळी मी गेलो, त्या वेळी पावसाने रस्त्याची बरीच धूप केली होती. काही ठिकाणी डांबराचे नुसते बेटच उरले होते आणि त्याच्या चहूबाजूंस तांबडी खडी. अशा जागी स्वाराने पायांवर उभे राहावयाचे असते. नवख्याला हा दिमाख वाटतो, पण त्यामागे कारण आहे. उभे राहिले म्हणजे शरीराचा भार बैठकीवरून पायठेवणीवर, म्हणजे खाली, जातो. गाडी खालच्या खाली डोलते आणि धक्का पाठीच्या कण्याऐवजी गुडघे सोसतात. हात सैल ठेवावे, दृष्टी चाकासमोरच्या दगडावर न खिळविता वीस हात पुढे ठेवावी आणि पुढचा ब्रेक खडीवर अगदी हळुवार दाबावा. हे चार नियम पाळले, तर अशी वाट एकदम सोपी होते.

कणकुंबीच्या एका हॉटेलात चहा घेतला. बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी गाडीकडे निरखून पाहिले व विचारले, “पाव्हणं, कुठं चाललासा?” मी गोव्याचे नाव सांगताच ते म्हणाले, “जावा, पण सावकाश. गाडी उंच हाय तुमची, म्हशीगत. पाण्यात उतरंल.” गाडीची याहून नेमकी पारख कोणी करील, असे मला वाटत नाही. म्हैस घोड्यासारखी दौडत नाही. पण ती पाण्याला भीत नाही, चिखलात रुतत नाही आणि संध्याकाळी बिनचूक घरी येते.

कणकुंबी हे गाव लहान, पण भूगोलाच्या दृष्टीने मोठे आहे. येथील माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम मानतात. अरबी समुद्र येथून इतका जवळ असूनही ही नदी त्याच्याकडे पाठ फिरविते. ३०४ किलोमीटर पूर्वेकडे चालून ती कुडलसंगमाजवळ कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. याच परिसरातील कळसा नाला मात्र पश्चिमेच्या म्हादईचा. ती म्हादई खानापूर तालुक्याच्या रानात जन्म घेऊन गोव्यात उतरते व तेथे मांडवी होते. एका सरीचे दोन थेंब काही पावलांच्या अंतराने पडावेत आणि एकाने पूर्वसमुद्र व दुसऱ्याने पश्चिमसमुद्र गाठावा, असे हे पठार आहे. या पाण्यावरून तीन राज्यांत वाद आहे. २०१८ साली लवादाने निवाडा दिला. कळसा आणि भांडुरा हे दोन नाले मिळून ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेकडे वळविण्यास मुभा दिली. पण वाद अद्याप मिटलेला नाही. वृत्तपत्रात हे आकडे आपण वाचतो. येथे उभे राहिले म्हणजे ज्या पाण्यासाठी एवढे चालले आहे, ते एका उडीत ओलांडता येईल अशा ओहोळांतून वाहताना दिसते.

याच रानात दक्षिणेस भीमगड आहे. २०११ साली त्या भोवतालचे सुमारे १९० चौरस किलोमीटरांचे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथील बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ या नावाने ओळखली जाणारी एक अत्यंत दुर्मीळ जात राहते. जंगलाच्या पोटात गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव अशी मराठी बोलणारी लहान लहान गावे आहेत. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला म्हणजे आजारी माणसाला खांद्यावरून वाहून नेण्याचे प्रसंग या गावांवर आलेले आहेत. तेथील तरुण जुनाट मोटारसायकलींवर दुधाचे कॅन, तांदळाची पोती आणि कधी कधी ताप आलेले मूल घेऊन जी वाट काटतात, ती पाहिल्यावर आमच्यासारख्यांनी ‘साहस’ हा शब्द जपून वापरावा. आमची रविवारची हौस ही त्यांची रोजची गरज आहे. दोन्ही वाटांची गाडी ही खरोखर त्यांच्यासाठीच हवी. शहरातल्या चित्रांत ती बर्फाच्या शिखरासमोर उभी दिसते, एवढेच.

एका फाट्यावर मोह झाला. डाव्या हाताला एक पायवाट रानात शिरत होती. चाकांना ती सहज झेपली असती. पण अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून जाता येत नाही, आणि परवानगीचा प्रश्न बाजूस ठेवला तरी त्या वाटेवर आमच्यावाचून कोणाचेही अडलेले नव्हते. ओल्या मातीवर टायरने पाडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओघळ होते व ओघळाची पुढे घळ होते. गाडी जेथे जाऊ शकते, तेथे प्रत्येक ठिकाणी ती नेलीच पाहिजे असे नाही. मी एंजिन बंद केले, पाच मिनिटे तेथेच थांबलो, पाखरांचा आवाज ऐकला आणि परत रस्त्याला लागलो.

चोर्ल्याजवळ कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या सीमा एकमेकींना भिडतात. तेथून घाट खाली उतरू लागतो. उतरणीवर ब्रेक सारखे दाबून ठेवल्यास ते तापतात. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये घालून एंजिनालाच वेग आवरू द्यावा. लहान एंजिनाचा हा ठेका कानाला गोड लागतो. वळणामागून वळण मागे पडत गेले. गार वारा हळूहळू दमट झाला, रानाची जागा माडा-पोफळींनी घेतली आणि अंजुणे धरणाचे निळे पाणी दिसू लागले. पायथ्याला केरी. पुढे साखळी, डिचोली आणि मग मांडवीचा काठ.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. आमच्या कित्येक घरांत अठरा-वीस वर्षांचा मुलगा मोटारसायकल मागतो आणि आईच्या पोटात गोळा उठतो. तिची भीती अनाठायी नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. या आकड्यांपुढे कोणत्याही गाडीचे कौतुक निष्काळजीपणे करता येणार नाही. दोन्ही वाटांची गाडी घेतली म्हणून मुलगा सुरक्षित झाला, असे मी मुळीच म्हणत नाही. डोक्याला पट्टा बांधलेले हेल्मेट, पायांत घोट्यापर्यंत बूट, खिशात परवाना आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम, ही पथ्ये तिलाही आहेतच. मी एवढेच म्हणतो, की गाडी चालकाला काही ना काही शिकवीत असते. जिचे सारे कर्तृत्व वेगात आहे, ती त्याला रोज थोडा अधिक वेग मागते. जिचे कर्तृत्व वाट काढण्यात आहे, ती त्याला रस्ता वाचावयास, थांबावयास आणि आपली ताकद ओळखावयास लावते. बापाने गाडी घेऊन द्यावयाची की नाही, हे त्याने ठरवावे. पण घेऊन द्यावयाचीच असेल, तर मुलाबरोबर दुकानात जाऊन ‘किती पळते?’ या प्रश्नाआधी ‘किती आवरते?’ हा प्रश्न विचारावा. आणि पहिले काही महिने पोराने ती दळण, दूध आणि आजीची औषधे आणण्यासाठीच वापरली, तर घरालाही तिचा उपयोग कळेल आणि पोरालाही.

जुन्या गोव्याला पोहोचलो, तेव्हा ऊन कलले होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या सणासाठी सावंतवाडी, कारवार, बेळगाव या भागांतून कित्येक भाविक येथवर पायी येतात. घाट त्यांनाही लागतो, आणि वाटेतला प्रत्येक ओहोळ, प्रत्येक सावलीचे झाड त्यांना ओळखीचे असते. चालणाऱ्याइतकी वाट कोणत्याच स्वाराला कळणार नाही. परंतु ज्यांचे गुडघे किंवा ज्यांची रजा तितकी पुरत नाही, त्यांना चालण्याच्या जवळात जवळ नेणारे वाहन म्हणून या साध्या गाडीचे नाव मी नि:शंकपणे घेईन. समोर मांडवी संथ वाहत होती. सकाळी कणकुंबीच्या पठारावर ज्यांच्या काठी उभा होतो, त्या ओहोळांचेच पाणी तिच्यात मिसळलेले होते.