दौंडला इंजिन बदलतं

माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं. मधे एसटीचा रस्ता आहे आणि एक नदी आहे. नदी मला नीट कळली ती भूगोल शिकवायला लागल्यावर. शिरूरला आम्ही जिच्या काठाला राहतो ती घोड पुढे भीमेला मिळते आणि मग तेच पाणी दौंडच्या पुलाखालून उजनीकडे जातं. म्हणजे सासरचं पाणी माहेरी पोचतं, माहेरचं सासरी कधी येत नाही. वर्गात हे सांगितलं की मुली हसतात आणि मुलगे नकाशात बघतात.

शिरूरला रेल्वे नाही. दौंडला रेल्वेशिवाय काही नाही, असं निदान क्वार्टर्समध्ये वाढलेल्या आम्हा पोरांना वाटायचं. माझे वडील, आण्णा, शंटिंगला होते. आमचा फुकटचा खेळ एकच. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की तिचं इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून मागे जायचं आणि शेवटच्या डब्याला येऊन लागायचं. पुण्याची लाइन आणि मनमाडची लाइन दोन्ही एकाच अंगाने स्टेशनात शिरतात, म्हणून हा खटाटोप. शेवटचा डबा पहिला व्हायचा. गाडी हलली की इतका वेळ पुढे तोंड करून बसलेली माणसं पाठमोरी चालू लागायची आणि कुणीतरी नवखा हमखास ओरडायचा, “अहो, ही तर परत पुण्याला चालली!” ते ऐकायलाच आम्ही प्लॅटफॉर्मवर थांबायचो. आता काही गाड्या कॉर्ड लाइनने बाहेरच्या बाहेर जातात. आण्णांना ते फारसं मान्य नाही.

पळायला मी पंचेचाळिसाव्या वर्षी लागले. कारण सांगण्यासारखं नाही. शाळेच्या क्रीडास्पर्धेत शिक्षिकांच्या शंभर मीटरला मी तिसरी आले, आणि धावलो आम्ही तिघीच होतो. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठू लागले. गावात बाई एकटी पळताना दिसली की मोटारसायकल हळू होते. “मॅडम, कुठं जायचंय? सोडू का?” पहिल्या महिन्यात मी अशा अकरा जणांना नको म्हटलं. त्यातले तिघे माझेच जुने विद्यार्थी होते.

पळायला सगळ्यात चांगला कालव्याच्या कडेचा रस्ता. सपाट, मुरमाचा, गुडघ्यांना मऊ. पण दोन्ही अंगांना ऊस आणि उसात बिबट्या. आमच्या तालुक्यात ही थट्टा नाही, माणसं गेली आहेत. म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही, एकटीने कालव्यावर जायचं नाही, आणि मोबाइलवर गाणी मोठ्याने लावायची. पुण्यातले धावणारे स्वतःच्या कानात गाणी लावतात, आम्ही बिबट्याला ऐकवतो.

त्या पावसाळ्यात मी सोळा किलोमीटरपर्यंत आले होते. डोळ्यांपुढे डिसेंबरचा पहिला रविवार आणि पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन. १९८३ पासून तिचं नाव पेपरात वाचत आले होते, त्यातली अर्धी आपण पळायची. २१ किलोमीटर, वर साडेसत्त्याण्णव मीटर. हे साडेसत्त्याण्णव मला पहिल्यापासून खटकायचे. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची झाली ती १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या मार्गामुळे. सुरुवात विंडसरच्या राजवाड्यापासून, शेवट स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर. १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं ठरलं. त्याचं निम्मं करायचं म्हणून आम्ही शिरूरकरसुद्धा शेवटचे काही मीटर इंग्रजांच्या राणीसाठी पळायचे!

ऑगस्टमध्ये एका सकाळी फळ्यावर सह्याद्री काढताना खडू हातातून पडला. उचलायला वाकले तर वाकता येईना. संध्याकाळी फणफणून ताप. ताप चार-पाच दिवसांत गेला, सांधे तसेच राहिले. मनगटं, बोटं, घोटे. भाकरी थापता येईना, कपडे पिळता येईनात, ब्लाउजचे हूक नवऱ्याला लावून द्यावे लागत. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे काम इतक्या गांभीर्याने कधी केलं नव्हतं. सकाळी न्हाणीघरापर्यंत भिंत धरत जायचं, तिथे कढत पाण्यात हात बुडवून बसायचं, की मग मूठ अर्धी वळायची.

रक्त तपासल्यावर नाव कळलं, चिकुनगुनिया. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि मनापासून कोड्यात पडल्या. “तुम्ही तर माळकरी. तुमच्याकडे चिकन कुठलं?” कोंबडीचा यात काही दोष नाही. नाव पूर्व आफ्रिकेतल्या माकोंदे लोकांच्या बोलीतलं, १९५२ च्या तिथल्या साथीनंतर जगभर गेलेलं. अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. ज्याने हे नाव ठेवलं त्याला हा आजार होऊन गेलेला असणार, वैद्याला इतका नेमका शब्द सुचत नाही. आपल्याकडे १९७३ मध्ये बार्शीला त्याची साथ आली होती, मग तो तीस-बत्तीस वर्षं दिसेनासा झाला आणि २००५ पासून पुन्हा आला. माझी आजी बार्शीकडची. म्हातारपणी ती कमरेत वाकलेली होती, ते वयाने की आणखी कशाने हे विचारायला आता ती नाही.

हा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या चांगल्या पाण्यात वाढतो, त्यामुळे गटाराला शिव्या देऊन भागत नाही. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला, पाणी साठवणं हाडात मुरलेलं. देवसुद्धा रांजणगावचा. पलीकडे निघोजला कुकडीने खडकात खळगे कोरलेत, त्यांनाही आम्ही रांजणखळगेच म्हणतो. आमच्या मागच्या दारी सासूबाईंचा एक जुना रांजण आहे. त्याचं झाकण दोन वर्षांपूर्वी फुटलं, नवं आणू आणू म्हणत राहिलं. उठून चालता आलं तेव्हा मी बॅटरी घेऊन त्यात डोकावले. अळ्या नाचत होत्या. सातवी ब ला दर आठवड्याला ‘कोरडा दिवस पाळा, भांडी घासून पालथी घाला’ हे घोकून घेणारी बाई मीच.

आण्णा फोनवर तोलून बोलतात.

“पळणं?”

“बंद. चालता येत नाहीये आण्णा. सोळावरून शून्यावर आले. केलं ते सगळं परत चाललंय.”

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“दौंडला आलीयेस तू,” ते म्हणाले.

“नाही हो, शिरूरलाच आहे.”

“तसं नव्हे गं. इंजिन बदलतंय.”

हे ऐकून मला बरं वाटलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. ठणकणाऱ्या घोट्याला उपमा लावून काही होत नाही, आणि दौंडच्या लोकांना जगातली प्रत्येक गोष्ट स्टेशनात दिसते. पण आठवड्याने मीच त्यांना फोन केला आणि विचारलं, इंजिन फिरवायला इतका वेळ का लागायचा? आण्णा खुलले. इंजिन लावलं म्हणजे झालं असं नसतं. कपलिंग आवळायचं, ब्रेकची नळी जोडायची, शेवटच्या डब्यापर्यंत प्रेशर भरायचं, ब्रेक लागतो का, सुटतो का ते बघायचं. “प्रेशर होत नाही तोवर आत मंत्री बसलेला असू दे, गाडी हलत नाही.” ही माहिती मात्र उपयोगी पडली. कारण मी तेव्हा गोळ्या घेऊन, क्रेप बँडेज बांधून कालव्यावर जायच्या विचारात होते.

दिवाळीपर्यंत जिना झाला, उतरायचा सुद्धा, जो चढण्यापेक्षा अवघड असतो. मग नदीच्या पुलापर्यंत चालणं. त्या डिसेंबरला मी पुण्याला गेले नाही. रविवारी सकाळी बातम्यांत इथिओपियाची सडपातळ पोरं पळताना पाहिली आणि टीव्ही बंद करून मेथी निवडत बसले. निवडता आली, हे त्या दिवसाचं यश.

अशा वेळी लोक गोष्टी पाठवतात. अबेबे बिकिला तर तिघींनी पाठवला. १९६० मध्ये रोमला अनवाणी जिंकला, १९६४ ला टोकियोच्या आधी पाच-सहा आठवडे अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तरी पुन्हा सुवर्ण, तेही जागतिक उच्चांकासह. थोर माणूस, पण मला त्याचा काही उपयोग नव्हता. शेजारच्या बारामतीच्या लता करेही पाठवल्या गेल्या. साठी उलटलेल्या, नवऱ्याच्या तपासणीचे पैसे उभे करायला नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा झाला, त्याची राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. ते वाचून मला प्रेरणा वगैरे नाही आली, थोडी लाज वाटली. त्यांना गरज होती. माझी हौस.

मला जवळचा वाटला तो झाटोपेक. १९५२ मध्ये हेलसिंकीला पाच हजार, दहा हजार आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, तिन्हींत सुवर्ण मिळवणारा. १९५६ ला मेलबर्नच्या आधी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पळू नको सांगितलं, तरी तो गेला आणि सहावा आला. जिंकला अलाँ मिमून, ज्याला त्याने आधी पुन्हा पुन्हा मागे टाकलं होतं. मिमून शेवटच्या रेषेपाशी त्याची वाट बघत थांबला. झाटोपेकने आल्यावर त्याला सलाम ठोकला आणि मिठी मारली. सहावा येणं ही काय चीज आहे ते मला त्या हिवाळ्यात कळलं.

संक्रांतीनंतर पळायला लागले. किलोमीटर मोजणं सोडून दिलं आणि कालव्याकडेचे विजेचे खांब धरले. एक खांब पळायचं, तीन चालायचं. मग दोन पळायचं, दोन चालायचं. प्रगती सरळ रेषेत झाली नाही. आठ दिवस पाय चांगले, मग चार दिवस कोरडे, पाटाच्या पाण्यासारखे. आवर्तन सुटलं की शेतकरी रात्री दोनला उठून दारं धरतो. नाही सुटलं तर पाटाच्या कडेला उभा राहून शिव्या घालतो, पण बैल जुंपून पाणी ओढून आणत नाही. मी शिव्या घातल्या. उन्हाळ्यात सुट्टीला दौंडला गेले तेव्हा केडगावकडच्या गुऱ्हाळांमधून पळाले. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास आला की पाय आपोआप चालायला लागायचे, खांब असो नसो. गुऱ्हाळवाल्याने एकदा द्रोणात काकवी दिली आणि विचारलं, “पैलवानकी करता का?”

पुढच्या ऑगस्टमध्ये रांजणाला झाकण आलं. सागवानी, सुताराकडून करून घेतलेलं, गरजेपेक्षा दुप्पट जड.

आणि डिसेंबरच्या त्या रविवारी पहाटेच्या काळोखात मी सणस मैदानापाशी उभी होते. थंडीत हजारो माणसं एकाच जागी उड्या मारत होती, तेलाचा आणि वेदनाशामक मलमाचा वास. सिंहगड रस्त्याला लागल्यावर माझी पंचाईत झाली. खांब कुठे फलकांमागे, कुठे पुलाच्या सावलीत, हिशोब लागेना. मग मी अमृततुल्य धरले. दोन अमृततुल्य पळायचं, एक चालायचं. पुण्यात हे माप फारच आखूड पडतं. चारवर नेलं. नांदेड सिटीकडून वळले तेव्हा उजाडत होतं. पंधरा किलोमीटरनंतर डावा घोटा बोलायला लागला. त्याला बोलू दिलं. साठीच्या एक बाई सलवार-कमीज घालून माझ्या पुढे-मागे होत होत्या. मी चालायला लागले की त्या पुढे जायच्या, त्या चालायला लागल्या की मी. आम्ही एकमेकींना नाव विचारलं नाही. फक्त एकदा त्यांनी गुळाचा खडा पुढे केला. दौंडचा असावा, असं मला उगाच वाटलं.

एकविसाव्या किलोमीटरची पाटी आली आणि मी थांबले. शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर चालत गेले. राणीसाठी पळायचं काही कारण दिसेना.

दुपारच्या शटलने दौंडला उतरले. आण्णा प्लॅटफॉर्मवर आले होते, निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी वेळेच्या दहा मिनिटं आधी. पदक उलटसुलट करून पाहिलं, वजन केल्यासारखं हातावर उडवलं.

“लेट किती?”

“एक वर्ष, तीन तास, नऊ मिनिटं.”

त्यांनी मान हलवली आणि चहा सांगायला गेले. समोर एक गाडी उभी होती, इंजिन नुकतंच दुसऱ्या टोकाला लागलेलं. मी बाकावर बूट काढून बसले होते, घोटा सुजून घोसाळ्यासारखा झाला होता. खिडकीतल्या एका मुलीने, हातात हिरवा चुडा, गजांतून तोंड काढून मला विचारलं, “मावशी, ही गाडी परत पुण्याला चाललीय का हो?”

“नाही गं. मनमाडला. बसून राहा.”

तिने माझ्या पायांकडे पाहिलं, गळ्यातल्या पदकाकडे पाहिलं. तिला पटलं नसावं, कारण चहावाला आल्यावर तिने त्यालाही तेच विचारलं.