लोकसंख्येचा पाठ घेताना

बी.एड.च्या आंतरवासितेत मला पैठण तालुक्यातली एक शाळा मिळाली आणि नववीच्या वर्गासाठी विषय मिळाला लोकसंख्या शिक्षण. माणसं वाढली, जमीन आणि पाणी तेवढंच, म्हणून कुटुंब लहान हवं, हे आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या लाल त्रिकोणापासून आम्ही सगळेच वाचत आलो. टाचणासाठी आकडे काढायला बसले आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आहे. म्हणजे एका बाईला सरासरी दोनपेक्षाही कमी मुलं. लोकसंख्या स्थिर राहायला हा दर साधारण २.१ लागतो, त्याच सर्वेक्षणात देशाचाही २.० वर आला होता. मग या मुलांना मी कुठल्या संकटाबद्दल सांगायचं? आणि इकडे छत्रपती संभाजीनगर तर डोळ्यांदेखत वाढतंय. २००१ च्या जनगणनेत शहरात ८,७३,३११ माणसं होती, २०११ मध्ये ११,७५,११६. जायकवाडीसारखं धरण जवळ असून नळाला रोज पाणी नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हेच मला उमगेना.

मार्गदर्शक सरांनी उलगडून सांगितलं. जन्मदर घटला तरी आज तरुण असलेल्यांची संख्याच मोठी आहे, आणि तेच आता आईबाप होताहेत. म्हणून एकूण आकडा आणखी काही दशकं वाढत राहतो. शहराची वाढ तर नुसत्या जन्मांची नाहीच. कोरडवाहू शेती पिकत नाही म्हणून माणसं गाव सोडून वाळूजच्या, चिकलठाण्याच्या कारखान्यांकडे येतात. हे पटलं. पण ‘कमी मुलं होऊ द्या’ हे नववीच्या वर्गाला सांगून काय साधायचं, ते कोडं तसंच राहिलं.

पाठाच्या दिवशी लोकसंख्यावाढीची कारणं विचारली. निरक्षरता, गरिबी, अंधश्रद्धा अशी पाठ केलेली उत्तरं भराभर आली. मग एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, माझ्या ताईचं लग्न दहावीच्या आधीच लावलं. तिला कुठं कोणी विचारलं?” माझ्या टाचणात याला जागाच नव्हती.

नंतर शाळेतल्या एका जुन्या बाईंनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात. वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? त्यात ऊसतोडीचा कोयता जोडीचा. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि मुकादमाची उचलही त्या जोडीला. म्हणून लग्न लवकर. कायदा अठरा वर्षं सांगतो, तरी त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. परभणी, बीडकडे हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त.

गावच्या आशाताईंकडे, म्हणजे आशा स्वयंसेविकेकडे, गेले. त्यांच्याकडे आठवड्याला घ्यायची छाया गोळी होती, निरोध होते. दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आणि तांबी केंद्रात मिळते म्हणाल्या. “सगळं आहे गं, पण सासूसमोर मागणार कोण? दोन लेकरं झाली की बाईचं ऑपरेशन, एवढंच लोकांना ठाऊक.” खरंच आहे ते. महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे आणि पुरुषांचं प्रमाण एक टक्काही नाही, जरी पुरुषाची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी असली तरी. आणीबाणीतल्या सक्तीची भीती त्यामागे अजून आहे. १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण धसका राहिला.

लहान कुटुंब झालं म्हणजे सगळं साधलं, असंही नाही. २०११ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. मुलं दोनच हवीत, पण त्यात मुलगा हवाच, असं म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा घडवला. नुसती संख्या शिकवली तर असं होतं.

मग ग्रंथालयात बसून मागचं वाचलं आणि मन भरून आलं. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यापायी खटले सोसले. त्यातला एक खटला बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. १९३८ मध्ये मुंबई कायदेमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्या ठरावावरचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. ठराव पडला. ज्या बाबासाहेबांनी छत्रपती संभाजीनगरात १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्यांना बाईच्या जिवाचा आणि तिच्या इच्छेचा प्रश्न इतक्या आधी दिसला होता. शाळांसाठी मात्र एनसीईआरटीचा राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्प आला तो १९८० मध्ये. आणि २००७ मध्ये राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं! ज्या वयात शरीराबद्दल विचारायचं, त्याच वयात दार लावून घेतलं.

दुसरा पाठ मी मुला-मुलींना एकत्र बसवून घेतला. मासिक पाळी, लग्नाचं वय, दोन बाळंतपणांतलं अंतर, नसबंदी कोणाची सोपी, मुलगा-मुलगी कशी ठरते, हे सगळं बोललो. मुलगा होणं न होणं बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे कळल्यावर एक मुलगा म्हणाला, “मग आजी माझ्या आईला का बोलते?” लोकसंख्या शिक्षणाचं खरं काम मला तिथे दिसलं.

शिक्षक होणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना कळकळीची विनंती आहे. हा पाठ तुमच्या वाट्याला आला तर गरिबाच्या घरातली लेकरं मोजू नका. वर्गातल्या प्रत्येक मुलीला बारावीपर्यंत शाळेत टिकवा, पाळीच्या, लग्नाच्या चर्चेतून मुलग्यांना बाहेर पाठवू नका, आशाताईंना वर्गावर बोलवा, आणि बालविवाह कळवण्यासाठीचा १०९८ हा क्रमांक फळ्यावर ठळक लिहून ठेवा.