तिची कॅसेट

बेवफाईच्या गाण्यांची वकिली मी वर्षानुवर्षं केली. आमच्या मुकुटबनच्या रस्त्यानं कोळशाचे, सिमेंटचे ट्रक जातात. केबिनमधून कधी अताउल्ला खान, कधी अल्ताफ राजा ऐकू येतो. आमची मास्तर मंडळी नाकं मुरडायची. मी म्हणायचो, घरापासून लांब, रात्रभर गाडी हाकणाऱ्या माणसाला रडायला काही निमित्त नको का? त्यात अल्ताफ राजा आपल्या नागपूरचा, कव्वालांच्या घरातला. त्याचा अभिमान वेगळाच.

पुढे तुर्कस्तानचं अराबेस्क कानावर पडलं आणि मला आयतीच साक्ष मिळाली. अनातोलियाच्या खेड्यांतून पोटासाठी इस्तंबूलला आलेल्यांचं हे संगीत. ओरहान गेन्जेबाय, म्युस्लुम ग्युर्सेस त्याचे बादशहा. शिष्टांनी ते मिनीबसवाल्यांचं म्हणून हिणवलं, सरकारी रेडिओ-टीव्हीनं कितीतरी वर्षं दाराबाहेर ठेवलं. नशीब फुटकं, प्रेयसी दगाबाज, मागं रडवी व्हायोलिनं. थेट आपलंच!

अडलो तो बर्गेनपाशी. ही त्याच संगीतातली नामवंत गायिका. १९८२ मध्ये नवऱ्यानं माणूस पाठवून तिच्या तोंडावर ॲसिड फेकवलं. एका डोळ्याची दृष्टी गेली. त्या डोळ्यावर केस ओढून घेऊन ती गात राहिली. १९८९ मध्ये त्याच नवऱ्यानं तिला गोळ्या घातल्या. तोवर दोघांचा काडीमोडही झाला होता.

मग अताउल्लाबद्दलची आमची जुनी वावडी आठवली. नव्वदीत गावातले पोट्टे छातीठोकपणे सांगायचे, "भाऊ, यानं बेवफा पोरीले मारलं, आता फाशीच्या कोठडीतून गाऊन रायला!" अताउल्ला पाकिस्तानातल्या मियाँवाली जिल्ह्याचा, आणि त्यानं कुणालाच मारलेलं नव्हतं. तरी १९९५ चा 'बेवफा सनम' हा सिनेमा जवळपास त्याच कहाणीवर उभा राहिला आणि त्यातल्या गाण्यांनी पानटपऱ्या दणाणल्या.

म्हणजे गाण्यात दर्द भरायला आम्ही एका बाईचा खून मनानंच घडवला, आणि हळहळलो खुन्यासाठी. तिचं काय म्हणणं होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दगा खाल्लेल्या बाईचं गाणं आपल्याकडे नाही असंही नाही. जात्यावरच्या ओव्यांत सवत आणणारा नवरा आहे, सासुरवास आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. पण ट्रकच्या टेपावर त्या कधी वाजल्या नाहीत.

ही गाणी ऐकणं मी सोडलंय, असं मुळीच नाही. अताउल्लाचा आवाज लागला की अजून पाय थबकतो. वकिली तेवढी सोडली. कुणी 'काय दर्द आहे!' म्हणालं की विचारतो, कुणाचा?

टपरीवरचे पोट्टे वैतागतात. "काका, गाणं तं आयकू द्या ना."