नवरा आहे, सही नाही

साठीच्या आत डिमेन्शिया झालेल्या माणसाची बायको म्हणून मला एवढंच मांडायचं आहे: या आजारात जोडीदार मरणाच्या कितीतरी आधी जातो, आणि त्या जाण्याची दखल ना समाज घेत, ना कायदा. सहानुभूती मिळते, नाही असं नाही. पण ती आजाऱ्याची सेवा करणारी म्हणून मिळते, नवरा गमावलेली म्हणून नव्हे.

हा म्हातारपणचा आजार, ही समजूत मुळापासून तपासायला हवी. 1901 साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात अलॉइस अल्झायमर यांनी जिला तपासलं, ती ऑगस्टे डेटर 51 वर्षांची होती. घरच्यांना आधी जाणवलं ते तिचं विसरणं नव्हे, तर नवऱ्याबद्दलचा तिचा संशय. नवऱ्याचं नाव विचारल्यावर तिनं स्वतःचंच सांगितलं, अशी नोंद तिच्या केसपेपरात आहे. 1906 मध्ये ती गेली. तिचा नवरा कार्ल, रेल्वेतला कारकून. त्या मधल्या वर्षांत तो नक्की कोणाचा नवरा होता, हे विचारायला कोणी थांबलं नाही. आजही तरुण वयातला डिमेन्शिया विसरण्यानंच सुरू होतो असं नाही. कधी स्वभाव पालटतो, कधी बोलताना शब्द सापडत नाहीत, कधी डोळे धड असून समोरची वस्तू ओळखू येत नाही. मग डिप्रेशन, ऑफिसचा ताण, ‘तुमचंच पटत नसेल’ असे शिक्के बसतात आणि बायको आजाराऐवजी संसारालाच दोष देत राहते. आपल्याकडच्या मोजदादीतही ही माणसं नाहीत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भारतात 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आला, पण ती पाहणी साठीच्या पुढच्यांचीच होती. ज्यांच्या घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया चालू असतात, ते त्या आकड्याच्या बाहेरच राहिले.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की माणूस तर समोर आहे. गाणं लागलं की ताल धरतो, हात धरला की शांत होतो, मग त्याला ‘गेला’ म्हणणं क्रूर नाही का? ताल धरतो हे खरं आहे, आणि ते मोलाचंही आहे. पण मी माणूस गेला असं म्हणत नाही, जोडीदार गेला म्हणते. मुलीच्या कॉलेजचा निर्णय मिळून घेणारा, माझं चुकलं तर तोंडावर सांगणारा, भांडण आठवून दुसऱ्या दिवशी अबोला धरणारा बरोबरीचा माणूस उरलेला नाही. जो आहे त्याचा मान आणि हक्क शाबूत आहेत. त्याची काळजी घेणं माझं काम आहेच. अमेरिकी अभ्यासक पॉलिन बॉस यांनी अशा अर्धवट हरवण्यावर आयुष्यभर काम केलं. माणूस देहानं हजर आणि मनानं गैरहजर असतो तेव्हा शोकाला शेवट सापडत नाही, आणि घरच्यांची कुतरओढ त्या अनिश्चिततेतून येते, असं त्या मांडतात. आपल्याकडे त्यात आणखी एक गाठ बसते. गळ्यात मंगळसूत्र असलेल्या बाईनं नवऱ्यासाठी रडणं अभद्र मानतात, म्हणून ती ‘बरं चाललंय’ म्हणते. (विचारणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं.) शोक मान्य केला तर सेवा ढिली पडेल, ही भीती मला पटत नाही. उलट, जुना माणूस परत येईल या आशेवर केलेली सेवाच चिडचिडीकडे जाते.

कायद्याला मात्र रडण्याशी घेणं नसतं, सहीशी असतं. नवरा वारला तर वारसाहक्क आहे. सात वर्षं बेपत्ता राहिला तर तो मृत असल्याचं गृहीत धरता येतं. घरात बसलेल्या, पण व्यवहार न समजणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला कुठली वाट? मुखत्यारपत्र करून घ्या, असं सगळे सुचवतात. पण 1872 च्या करार कायद्याच्या 201 व्या कलमानुसार देणाऱ्याचं मन विकल झालं की ते संपतं, म्हणजे गरज पडते नेमकं तेव्हाच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आधीच प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता. फ्लॅट आणि फिक्स्ड डिपॉझिट त्यात येत नाहीत. उरतं ते उच्च न्यायालयात जाऊन स्वतःच्याच नवऱ्याची पालक म्हणून नेमणूक मागणं, आणि ते प्रत्येकीच्या ऐपतीतलं नाही. इंग्लंडमध्ये 2005 च्या कायद्यानं शुद्धीत असताना केलेलं मुखत्यारपत्र भान गेल्यावरही टिकतं. तसं इथे आणलं तर बायका किंवा भाऊबंद मालमत्ता लुबाडतील, असा दुसरा आक्षेप आहे. भीती खोटी नाही, आणि म्हणूनच वर्षाचा हिशेब तपासायची सोय त्या कायद्यातच हवी. आज तर ती तपासणीही नाही: घरोघरी नवऱ्याचा पिन टाकून गुपचूप पैसे काढले जातात, नेटबँकिंगचा ओटीपी त्याच्या मोबाइलवरून वाचला जातो, आणि त्यातली प्रामाणिक कोण नि लुबाडणारी कोण, हे बँकेला कधीच कळत नाही.